टोलेडो आणि चंदनाचे हार

(नागपूर, महाल. १९७४. वाचनालयाचा हॉल. भिंतीवर स्पेनमधल्या टोलेडो शहराचे, १९३६च्या यादवी युद्धाच्या आसपासचे जुने फोटो, नुकतेच फ्रेम होऊन आलेले.)

वसंतराव : बळीराम, खरं सांग, सगळ्यांना घातलेस?

बळीराम : सगळ्यायले जी. चंदनाचे हार. एक बी फोटो सोडला नाही.

वसंतराव : अरे, मी नुसत्या फ्रेमा सांगितल्या होत्या! प्रदर्शन आहे हे, ‘टोलेडो : युद्धात आणि शांततेत’. तेरवी नाही!

बळीराम : चिडून काहून राहिले, भाऊ? माझ्या दुकानात फ्रेमले दोनच जण येते. एक देव, नाही तं सरलेला माणूस.

वसंतराव : आणि लग्नाचे फोटो?

बळीराम : ते अल्बममंदी जाते.

वसंतराव : हा बघ, बाजार. शांततेतला. माणसं मजेत खरबुजं विकताहेत. हे काय मेलेत?

बळीराम : खरबुजं तं नक्कीच सरली असतीन.

वसंतराव : आणि या पुलाला कशाला हार?

बळीराम : लढाईत पडला असन ना बिचारा.

वसंतराव : धडधडीत उभा दिसतोय!

बळीराम : फोटोत सारेच उभे दिसते, भाऊ. आमचा बुढा बी दिसते.

वसंतराव : अरे, गाढवाला गंध लावलंस! गाढवाला!

बळीराम : मंग? माणसायले लावाचं अन् त्याले नाही? आपल्याजवळ दुजाभाव नाही.

वसंतराव : काढ सगळं. लवकर काढ. सचिव म्हणून माझं हे पहिलं काम. कमिटी हसत होती, महालात स्पेन पाहायला कोण येणार म्हणून. फादरांच्या हातापाया पडून मी त्यांच्या गावचे फोटो आणले. आता ते उद्घाटनाला येणार, स्वतःच्या गावाचं श्राद्ध बघणार आणि फोटो काखेत मारून निघून जाणार. चांगली शोभा होईल माझी!

बळीराम : फादर म्हंजे ते लुनावर फिरते, ते गोरे?

वसंतराव : तेच. आणि हा... बळीराम! हा पोरगा कोण आहे, माहीत आहे तुला?

बळीराम : पडक्या घरापाशी, मायजवळ उभा हाये तो? त्याले सगळ्यात मोठा हार घातला. लेकरू पाहून लई वाईट वाटलं जी.

वसंतराव : फादरच आहेत ते! आत्ता इथं येऊन चहा पिणार आहेत!

बळीराम : अरे बाप! काढाच लागते मंग... पण थांबा. याची माय?

वसंतराव : ती गेली. त्याच लढाईत.

बळीराम : म्हंजे एका फ्रेममंदी एक जिता, एक सरलेली. अशी केस आजलोक नाही आली माझ्याकडे. असं करू, हार तिकडे सरकवू. मायच्याच बाजूनं.

वसंतराव : अर्ध्या फोटोला हार? कोणी पाहिलाय का असा?

बळीराम : खिळा द्या, आता पाहतीन.

फादर : नमस्कार, वसंतराव. मी जरा लवकर आलो.

वसंतराव : फादर! हे... म्हणजे आमच्याकडे... आपण दोन मिनिटं बाहेर बसता का?

फादर : हे गाढव माझ्या मामाचं. सगळ्यांना चावायचं. याला गंध कोणी लावलं?

बळीराम : चूक झाली जी. पुसतो.

फादर : पुसा, पुसा. त्याची तेवढी लायकी नव्हती.

वसंतराव : माफ करा, फादर. सगळे हार काढतोच आहोत. बळीराम, तोही काढ.

फादर : तो? आईवरचा?

बळीराम : हो जी. तुमी जिते आहा, म्हणून तुमच्यावरून सरकवला.

फादर : राहू द्या. तेव्हा गावात फुलंच मिळाली नव्हती.