छप्पन सालची बाटली

भेटवस्तूचं नाव काढलंत म्हणून सांगतो, मी एकदा फार शहाणपणा केला होता.

आमच्या गावी, केशोरीला, मला पाचवीत शिकवणाऱ्या गुरुजींची सत्तरी होती. मी त्यांच्या जन्मसालाची पोर्ट वाईन शोधून काढली. ब्रँडी घालून मुरवलेली, पोर्तुगालात मोठ्या प्रसंगाला देतात ती. मिळवायला सहा महिने गेले. ऐन सत्कारात, सगळ्यांसमोर, गुरुजींच्या हातात दिली.

"काय होय रे हे?"

"वाईन आहे, गुरुजी. तुमच्या सालाची. छप्पनची!"

गुरुजींनी चष्मा लावून साल वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "छप्पनमध्येच माया बाप नागपूरले दीक्षा घेऊन आला. पंचशील घेतलं तवापासून आमच्या घरी दारू नाही आली."

गुरुजींनी नुकत्याच मिळालेल्या सत्काराच्या शालीत बाटली गुंडाळली आणि स्वतःच माझ्या पिशवीत ठेवली.

"वर्गात सांगतलो होतो ना मी हे," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी तू शाळेत नव्हता काय?"

होतो यार. पहिल्या बाकावरच होतो.