राखाडीवालाच द्या

दमास्कसमधल्या त्या तळघरातल्या दुकानात रिहाब बिघडलेला पंखा घेऊन रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक वयस्क जोडपं टीव्ही बघत होतं. काका बाजूला उभे होते, बोलत होत्या त्या काकूच. दुकानदार त्यांना समजावत होता.

"काकू, हा साधा एलईडी. याच्यात मागून दिवे जळतात, म्हणून रात्रीचा सीनसुद्धा राखाडी दिसतो. आणि हा ओएलईडी! याचा ठिपका न् ठिपका आपला आपण विझतो. काळा म्हणजे काळाकुट्ट!"

"म्हणजे काहीच दिसत नाही?"

"काही म्हणजे काही नाही. मजा तीच तर आहे!"

"मग नको बाबा. तो राखाडीवालाच द्या."

"अहो, घेऊ नका, पण बघून तर घ्या. थांबा, बाकीचं सगळं बंद करतो."

"नको रे बाळा. तुरुंगातून सुटून आल्यापासून यांना दिवा..."

दुकानदार तोवर बटणापाशी पोचलाही होता. खटका वाजला. पडद्यावर काहीच नव्हतं, दुकानातही नव्हतं. रिहाबला फक्त फरशीवर गुडघे आपटल्याचा आवाज आला.

"एकशे बारा, हजर!"

"अहो, मी आहे! मीच आहे इथे. अरे, दिवा लाव आधी!"

दिवे लागले. काका भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात डोक्यावर ठेवून गुडघ्यांवर बसले होते. डोळे घट्ट मिटलेले.

"मी काही बघितलं नाही, साहेब," ते म्हणाले. "खरंच नाही बघितलं."