आतली कड

पंक्चर काढायला आलेले मास्तर पेपर उघडून बाकावर बसले होते. कान मात्र विजेच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या बापलेकांकडे होते.

"बाबा, सहा महिन्यांत मागचे टायर संपवलेत. आजपासून किल्ली माझ्याकडे."

"बाहेरून तर कोरे दिसतात रे!"

"आतल्या कडेला झिजलेत, काका," मिस्त्री म्हणाला. "गाडी जड, मागची चाकं आत कललेली. त्यात सिग्नल सुटला की कुणीतरी पाय दाबतं."

"मी तर तीसच्या पुढे जात नाही."

"कोण कशी चालवतो, याची गाडीत नोंद असते. बघू का?"

"बघाच," बाबा म्हणाले.

"नको, राहू दे," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी न वाचलेलं पान उलटलं.

"आण ती किल्ली," बाबा म्हणाले. "घरी जाताना मी चालवतो."