मोठा ट्रक

दातांच्या दवाखान्यात मास्तरीणबाईंनी मासिक नुसतं उघडलं होतं. कान मागच्या बाकावरच्या दोघी बहिणींकडे होते.

“ताई, पॅकर्स कुठले ठरवलेस शेवटी?”

“पहिला घरभर फिरून म्हणाला, सामान काहीच नाही, छोटा टेम्पो पुरे. त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.”

“आणि दुसरा?”

“तो दारातूनच म्हणाला, बापरे, केवढा हा संसार, मोठा ट्रकच लागेल. तिथल्या तिथे ठरवला त्याला.”

“भरला का ट्रक?”

“अर्धासुद्धा नाही. त्यात शेजारीण गॅलरीत उभी. मग काय, रिकामे खोके चढवले.”

“नव्या घरी उतरवताना कुणाला कळलं नाही?”

“हमाल गुणी. एकेक खोका दोघादोघांनी धापा टाकत उतरवला.”

“आणि तू?”

“मी आपली मागून ओरडतेय, जपून रे, काचसामान आहे.”