उल्काच्या वर्गाचं दार

सुदर्शन : म्हणजे पेटंट नाकारलं, ते उल्कानं आधीच सगळ्यांना सांगितलं म्हणून? शोध तिचाच, आणि आडवी आली तीही तीच?

पूर्वा : कायदा तसाच आहे, काका. अर्जाच्या आधी पद्धत जाहीर झाली की ती नवी राहत नाही. त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं, रोहननं, ताईंच्या विहारातल्या वर्गाचा व्हिडिओ नेटवर टाकला. अर्जाच्या आदल्या वर्षी.

सुदर्शन : विश्रांतवाडीचा वर्ग. आठवडाभर हिंजवडीच्या बसनं दमून यायची, तरी रविवारी पोरांना शिकवायला जायची. म्हणायची, ब्लाउजची बाही आखडली तर बाहीच उसवतात ना? मग प्रोग्रॅमची एक ओळ बदलली म्हणून मशीनसाठी सगळा प्रोग्रॅम परत कशाला भाषांतरित करायचा?

पूर्वा : आम्हाला अपिलात हेच सांगायला अकरा पानं लागली.

सुदर्शन : वकिलानं बाही शिवली तर तेवढी लागणारच.

पूर्वा : बरं, ऐका. वर्ग खासगी असेल आणि रोहननं न विचारता व्हिडिओ टाकला असेल, तर तो आपल्याविरुद्ध धरता येणार नाही. न विचारता टाकला, हे तो कबूल करतो. प्रश्न वर्गाचा आहे. हे बघा.

(लॅपटॉपवर व्हिडिओ सुरू होतो.)

सुदर्शन : थांबा. हिचा आवाज आहे यात?

पूर्वा : तुम्ही ऐकला नव्हता?

सुदर्शन : माझ्याकडे फोटो आहेत. आवाज नाही कुठं.

पूर्वा : सॉरी, काका. बंद करू?

सुदर्शन : नको. राहू द्या.

पूर्वा : आता इथे. मागून कुणीतरी विचारतं, "दार लावू का?"

सुदर्शन : मीच तो. आळंदी रोडचा गोंगाट आत यायचा.

पूर्वा : ताई उत्तर देतात, पण नेमका ट्रक जातो. काही ऐकू येत नाही. पोरांना आठवत नाही. तुम्हीच सांगू शकता, प्रतिज्ञापत्रावर. "लावा, बाहेरचं कुणी नको," असं म्हणाल्या असतील, तर आपण जिंकू शकतो. पेटंटवर त्यांचं नाव येईल.

सुदर्शन : त्यासाठीच तर तिचा नवरा, वारस म्हणून सही केली. दवाखान्यातसुद्धा विचारायची, अपिलाचं काय झालं.

पूर्वा : मग काय म्हणाल्या त्या?

सुदर्शन : "अहो, असू द्या उघडं. बाहेर लाजून उभं असेल कुणी."

पूर्वा : काका, हे लिहिलं तर अपील गेलं.

सुदर्शन : माहीत आहे.

पूर्वा : दुसरं कुणी ऐकलेलं नाही.

सुदर्शन : मी ऐकलंय ना. आणि खरंच होतं कुणी बाहेर. दोन पोरी आल्या आत, चपला हातात घेऊन.

पूर्वा : ठीक आहे. तसंच लिहिते.

सुदर्शन : मॅडम, ते परत एकदा ऐकवाल? ट्रक येईपर्यंतच.