सात दिवस थांबणाऱ्यालाच बॅटरी

माझं नाव दाखल्यावर लीलावती आहे, पण कळव्यात आणि इथे डोंबिवलीत सगळे बेबीच म्हणतात, तू पण बेबीमावशीच लिही. जन्म कळव्याचा, खाडीवरच्या कोळ्यांचं घर आमचं, बाप होडी घेऊन जायचा आणि आये ठाण्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. खाडीत कंपन्यांचं पाणी यायला लागलं तशी मासळी कमी झाली, मग आये दुसऱ्याकडनं माल उचलायची आणि उचलताना मला शेजारी उभी करायची. बाय, रंगाव नको जाव, कल्ला उघड आणि बघ, असं तिचं बोलणं. समोरचा ओरडायचा, काय गो, घ्यायचं तर घे, हात नको लावू. ती लावायचीच. मी लाजायचे तेव्हा, सगळे बघतात म्हणून.

दहावीला गणितात गेले. परत बसले नाही, कोण बसवणार. ठाण्यात एका कंपनीत लागले, तिथे वायरलेस सेट बनायचे, पोलिसांच्या हातात असतात ना तसले, आणि आम्ही पंधरा-वीस बायका एका लांब टेबलावर त्यांच्या बॅटऱ्या बांधायचो. बॅटरी म्हणजे काय, तर चार्ज होणारे सेल एका रांगेत ठेवायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या बुडाला पट्टीने जोडायचं, वरून प्लास्टिकची पिशवी चढवायची, ती गरम हवेने आकसते आणि घट्ट बसते. दिवसभर तेच. बाकीच्या कंटाळायच्या, मला आवडायचं, काय सांगू तुला, मला खरंच आवडायचं. आमचे सुपरवायझर बोलायचे, बेबी, सगळे सेल सारखे दिसतात पण सारखे नसतात, आणि एक लंगडा निघाला की सगळी वरात थांबते. पुढे कंपनीला टाळं लागलं. गेटवर दोन महिने बसलो, घोषणा दिल्या, मग एकेक करून उठलो. मी शेवटच्या तिघींमधली होते, हे पण लिही.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. आमचे हे एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत, घरी यायचे तेव्हा नखं कधी निळी, कधी लाल. आमच्या मजल्यावर कर्णिक साहेब राहायचे, इंजिनियर माणूस, मोठं पद. एक दिवस दारात आले ते कापडी पिशवी छातीशी धरून, मागे बघत बघत, बायको बघेल म्हणून. पिशवीत काय, तर खेळण्यातली गाडी! ही एवढी, हातभर लांब, मोठाली चाकं, त्यांच्या भावाने मस्कतहून पाठवलेली, हातात एक डबा धरायचा आणि त्यातून ती पळवायची. मला हसू आलं. मी बोलले, साहेब, हे तुमच्या मुलाचं का? ते बोलले, बेबीताई, मुलगा नाहीये मला, माझंच आहे, बॅटरी मेली, दुकानदार बोलतो फेकून द्या, तुम्ही कंपनीत बॅटऱ्या करायच्या ना?

मी बॅटरीवरची प्लास्टिकची पिशवी कापली, आत सहा सेल, पाच चांगले, एक मेलेला. मी त्या एकाच्या जागी नवीन कोरा सेल लावला, गाडी पळाली, कर्णिक साहेब जिन्यावरून ओरडत खाली गेले. पंधरा दिवसांनी परत आले. गाडी नुसती टेबलावर ठेवली. उघडून बघते तर दुसराच सेल गेलेला. म्हाताऱ्या बैलांत एक तरणा जुंपला तर म्हातारे मरतात, तेवढंच झालं होतं. लाज वाटली मला. तिथून मी शिकायला बसले. पुस्तक नव्हतं, इंग्रजी वाचता येत नव्हतं, सेल होते आणि मी होते.

तू मघाशी विचारलंस ना, घाबरत घाबरत, की चांगली बॅटरी ओळखायची कशी. तू कॉलेजात फिजिक्स शिकतेस, हसू नको. वर लिहिलेल्या आकड्यावरून ओळखायची नाही, एवढं आधी. मी काय करायचे, प्रत्येक सेल एकटा चार्ज करायचे. मग विजेच्या शेगडीच्या कॉइलचा छोटा तुकडा त्याला जोडायचा, म्हणजे त्याच्याकडून काम करून घ्यायचं, आणि समोर गजराचं घड्याळ. मीटरचा काटा एक व्होल्टच्या खाली उतरला की थांबायचं आणि जितकी मिनिटं झाली ती पेन्सिलीने सेलच्या अंगावर लिहायची. कुणी तीस, कुणी बत्तीस, कुणी बावीसलाच बसला. सारख्या मिनिटांचे सहा एकत्र बांधायचे. बत्तीसवाल्याबरोबर बावीसवाला कधीच नाही, मग तो कितीही चकचकीत असो.

आणि एवढ्यावर पण नाही. बांधायच्या आधी सेल परत भरायचे आणि सात दिवस नुसते ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. मी त्याला उपास बोलायचे. काही सेल असे असतात, भरल्या दिवशी एकदम जोरात आणि नुसते बसल्या जागी आतल्या आत गळतात. सात दिवसांनी परत कॉइल लावायची. जो उपासात गळला तो बाहेर. दहातले दोन-तीन तर जायचेच. आमचे हे बोलायचे, तू सेलांची सासू आहेस.

मग गावभर नाव झालं. डोंबिवलीत, कल्याणला, ठाण्याला असे बाप्ये बरेच निघाले, कुणाचा मेव्हणा सिंगापूरला, कुणाचा भाऊ दुबईला. बँकेतले, डॉक्टर, कारखानदार, रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात खडूच्या रेघा मारून गाड्या पळवायचे आणि भांडायचे लहान पोरांसारखे. स्टेशनजवळ विनायकरावांचं खेळण्यांचं दुकान होतं, ते माझे पॅक, म्हणजे बांधलेल्या बॅटऱ्या, ठेवायला लागले. प्रत्येक पॅकबरोबर मी एक चिठ्ठी द्यायचे, कर्णिक साहेबांनी छापून दिलेली, शब्द माझे. त्यात एक ओळ होती, पुन्हा चार्ज करण्याआधी बॅटरी पूर्ण रिकामी करा. ती ओळ लक्षात ठेव.

एका पावसाळ्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. पॅक महिनाभरात मरतो. आधी एक, मग तीन, मग नऊ. विनायकराव बोलले, ताई, सेल हलके लावता काय आता? माझ्या डोक्यात सणक गेली. मी बोलले, सगळे पॅक आणा माझ्यासमोर. एकेक फाडला. आणि प्रत्येकात एक सेल असा की मीटर लावला तर काटा उलट्या बाजूला जातोय. मला वाटलं मी वायरी उलट लावल्या. बदलून बघितल्या. वायरी बरोबर होत्या, सेलच उलटा झालेला, डोक्याचं बूड आणि बुडाचं डोकं.

मी कर्णिक साहेबांना विचारलं, तुम्ही रिकामी कशी करता? ते बोलले, तुमच्या चिठ्ठीप्रमाणे, मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब लावतो, जेवतो, झोपतो, चारला उठतो तोवर पूर्ण रिकामी. सगळे तसंच करायचे. आणि तिथे मला कळलं, आणि कळलं तेव्हा पाटावरच बसले मी. एकटा सेल पूर्ण रिकामा केला तर त्याला काही होत नाही, मी टेबलावर कितीदा केलेला. पण सहा जण एकामागे एक जोडलेले असतात तेव्हा जो थोडासा कमी आहे तो आधी संपतो, आणि बाकीचे पाच अजून जोरात असतात, ते त्याच्यातूनच ढकलत राहतात, ढकलत राहतात, शेवटी त्याला उलटा करतात. कितीही सारखे निवडले तरी केसभर कमी एखादा असतोच. सेल हलके नव्हते. माझी ओळ चुकीची होती. एकट्याची गोष्ट मी सहाजणांना लावलेली.

विनायकरावांना जाऊन सांगितलं. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. बोलले, ताई, हे बाहेर बोलायचं नाही, आपण चार्जरवर ढकलू, लोकांचे चार्जर हलकेच असतात. आणि मग गल्ल्याखालून सेलवर चढवायच्या रिकाम्या पिवळ्या पिशव्या काढल्या, वर इंग्रजी नाव, मोठा आकडा, सतराशे, म्हणजे सेलात किती वीज मावते तो. माझे सेल बाराशेचे. बोलले, यात भरा, आणि ते सात दिवसांचं बंद करा, गिऱ्हाईक आज मागतं, आज द्या, बाहेरचा माल बोलून जाईल, तुम्हाला पण बरं, मला पण बरं. मी बोलले, सतराशे कुठून आणू? ते बोलले, आणायचे नाहीत, लिहायचे.

काय सांगू तुला, मी ओरडले नाही. मी बोलले, मला जमणार नाही. ते बोलले, मग दुसऱ्याकडून भरून घेईन, कळव्याची कोळीण मला शिकवणार काय धंदा? मी बोलले, हो, शिकवेन.

त्या रविवारी मी मैदानात गेले. आमचे हे पिशवी घेऊन मागे, सारखं बोलतायत, बेबी, घरी चल, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारतेस, तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणारे? मी बोलले, मला कळलंय ना. सगळे बाप्ये गाड्या घेऊन उभे, विनायकराव पण टेबल मांडून बसलेले, टेबलावर पिवळे पॅक. मी मधोमध जाऊन उभी राहिले. बोलले, मी बेबी, तुमच्या बॅटऱ्या मी बांधते. चिठ्ठीतली एक ओळ चुकीची होती, ती मी लिहिलेली, चूक माझी. गाडी मंद झाली की थांबवा, तशीच चार्जला लावा, बल्ब लावून झोपू नका. ज्यांचे पॅक मेले त्यांनी घरी या, सेल मी जुळवून बदलून देईन.

बँकेतले एक साहेब हसले. बोलले, मावशी, बॅटरी म्हणजे काय पापड लाटणं आहे का, चुकलं की परत लाटलं? मी बोलले, साहेब, पापड वाळेपर्यंत लोक थांबतात तरी, तुमच्या हातातला पिवळा किती वाळलाय ते बघू, द्या इकडे. सगळे ओ ओ करायला लागले. त्यांना द्यावा लागला. विनायकराव टेबलामागून बोलले, ताई, घरी जा, धंद्याची वाट लावू नका. मी बोलले, धंदा तुमचा आहे, काम माझं आहे.

ताजा चार्ज केलेला पॅक. हेडलाइटचा बल्ब लावला, घड्याळ साहेबांच्याच मनगटातलं. सतराशे खरं असतं तर पाऊण तासाच्या वर जायला पाहिजे होता. आम्ही उन्हात उभे. सतराव्या मिनिटाला बल्ब लाल व्हायला लागला. मी लगेच वायर काढली. साहेब बोलले, जळू द्या अजून. मी बोलले, नाही, तुमचा आहे म्हणून काय त्याला मारायचा?

तुला वाटेल, मग सगळे माझ्याकडे धावले. छे. पुढच्या रविवारी पण पिवळेच पॅक खपले. ते दुकानात समोर टांगलेले असायचे आणि माझे सात दिवसांनी मिळायचे. विनायकरावांनी माझा माल बंद केला. ज्यांचे नऊ पॅक मेले त्यांच्यातले पाच जण घरी आले, त्यांचे मी दुरुस्त करून दिले, बाकीचे चार आलेच नाहीत. बायका जिन्यात बोलायच्या, बेबीने स्वतःच्या हाताने घालवलं. कर्णिक साहेब तेवढे येत राहिले, आणि त्यांच्या मागून एक, त्याच्या मागून एक, असे हळूहळू. कोलशेतहून एक यायचे, कल्याणहून दोघं. खूप कधीच झाले नाहीत. बँकेतले साहेब दोन वर्षांनी आले, खाली मान घालून. मी बोलले, बसा, चहा घ्या, पण सात दिवस लागतील.

आता नव्या जातीचे सेल आलेत, त्यांचा आकडा खरंच मोठा आहे, मी बघितलंय कॉइल लावून. पण हे जुन्यापेक्षा जास्त गळतात बसल्या जागी, त्यामुळे मला तर अजून थांबावं लागतं. चष्मा लागलाय, पट्टी जोडताना हात हलतो, एका वेळी दोनच पॅक घेते. चिठ्ठी अजून देते. हाताने लिहिलेली, आणि खाली लिहिते, काही चुकलं तर येऊन सांगा.

आज सकाळीच, तू यायच्या आधी, टिटवाळ्याहून एक तरणा माणूस आलेला. उद्या शर्यत आहे, बोलला, मावशी, टेबलावर सहा दिसतायत, तेच बांधून द्या. मी बोलले, त्यांचा तिसराच दिवस आहे. तो बोलला, तीन काय नि सात काय, कोण बघतंय? मी बोलले, मी बघते. चिडला, बोलला, मग दुकानातून घेतो. मी बोलले, घे, दुकान डाव्या हाताला, स्टेशनकडे. गेला दणदण पाय आपटत. गेला तर गेला. खिडकीतून बघितलं मी, गाडी काखेत धरून पळत होता बिचारा. उद्या त्याची गाडी नीट चालो, मधेच बंद पडू नये, एवढंच. पण माझ्या हातून तिसऱ्या दिवशी नाही.