वलांडीवरचे काळे खांब

...आनि हातमोजे गरम होतात म्हनून काढून ठेवले? लई हुशार हाय तू. काढ, बनियनपन काढ, उघडा होऊन त्या तेलाच्या हौदात उतर, म्हंजे एकदाचा गारवा लागंल. अरे बाबांनो, घाला ते मोजे, बाह्या खाली सोडा आनि इकडं या, वाऱ्याच्या या अंगाला, त्या अंगाला वाफ जाते... तुमाला सांगतो, या वखारीत नवा मानूस आला की त्याचं एकच गानं, कमलाकांत, हे तर डामर, आमी लहानपनापासून होडीला हातानं लावतो. लावत असशील. मीपन लावलंय. मी काय मुंबैहून आलोय काय? घिवलीचा हाय मी, इथनं आरोळी मारली तर माझ्या घरची कोंबडी ओरडंल. पन हे डामर नाय. याला क्रिओसोट म्हंतात, नाव घेतानाच घसा खवखवतो, मग पोटात गेल्यावर काय करत असंल?

आता हे इथं कशाला? तर समुद्रात जेटीचे खांब उभे करायचेत, खाऱ्या पान्यात, आनि त्या पान्यातला किडा तुमाला माहीतच हाय, साग बघत नाय, साल बघत नाय, आख्खी होडी खाऊन ढेकर देतो. म्हनून लाकूड या गरम तेलात बुडवून काढायचं, मग किडा तोंड लावत नाय. बरं, आता मला सांगा, ज्यानं होडी खाल्ली तो किडा ज्याला तोंड लावत नाय, ते तुमी उघड्या हातानं चोळनार? लाकूड टिकवनारं तेल मानूस टिकवत नाय. हे डोक्यात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालंल.

मला हे शिकवलं खंडेराव मुकादमानं. साताऱ्याकडचा मानूस, समुद्र बघून अजून हात जोडतो, पन तेलाच्या बाबतीत वाघ. पयल्या दिवशी मी बाहीनं घाम पुसला तर केवढ्यानं खेकसला, "आरं कमळ्या, डोळं नगं झाल्यात व्हय? घाम बाहीनं पुसतुयास? दुपारच्या उनात एक थेंब उडाला तर कातडं सोलून निघतंय, सावलीत कळत न्हाई, उनात गेल्यावर बोंबलतुयास!" मी म्हटलं, राकेलनं पुसतो. तर म्हनतो, "राकेलनं पुसशील तर त्ये अजून आत जाईल, साबन घे, पानी घे, आन् हात धुतल्याबिगर इडी तोंडात घातलीस तर तुझी इडी न् तू, दोगं बी भाईर." असा मानूस. पन त्यानंच तेलाच्या पिंपांच्या कोठीची चावी माझ्या कमरेला बांधली. मासळीवाल्याच्या पोराच्या कमरेला सरकारी कामावरची चावी, काय समजलात? आनि आजपर्यंत माझ्या हाताखालचा एक मानूस भाजला नाय, एकाचा डोळा गेला नाय. छाती पुढं काढून सांगतो, का नाय सांगू?

त्या चावीपायी गावात मी किती वाईट झालो ते माझं मला माहीत. पानी लांबनं आनायचं, म्हनून सगळ्यांची नजर रिकाम्या पिंपावर. सख्खा मामा आला, एकनाथमामा, "भाच्या, एक रिकामं पिंप दे, पानी भरायला." मी म्हटलं, मामा, ते रिकामं दिसतं, रिकामं नसतं, आतल्या पत्र्याला चिकटलेलं धुऊन जात नाय, ते पानी पिशील तर मला मामा ऱ्हानार नाय. मामा काय म्हनला? "चावी मिळाली तर पोरगा साहेब झाला." बोलनं टाकलं माझ्याशी. दुसरा आला, होडीच्या तळाला वाटीभर तेल दे. तिसरा आला, पाठीच्या दुखन्यावर चोळायला दे. पाठीला! सगळ्यांना नाय म्हटलं. पिंपाला पहारीनं भोकं पाडतो आनि मगच भंगारात टाकतो मी, कुनाला मोह नको. लाकूड टिकवनारं तेल मानूस टिकवत नाय.

एवढं सगळं गाव अडवलं, आनि घरची आई नाय अडवली.

आमची आये, येसूबाई. तिचा सुका बोंबील सफाळ्याच्या बाजारात नावानं मागतात, उगाच सांगत नाय. दांड्यावर, किनाऱ्याच्या वाळूत, तिची वलांडी हाय, म्हंजे खांब रोवायचे, आडवे वासे बांधायचे, दोऱ्या तानायच्या आनि बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून उन्हात टांगायचे. आये काठी घेऊन दिवसभर खाली बसते, कावळे हाकलते. पन खाऱ्या वाऱ्यात खांब दर वर्साला कुजतात, दर वर्साला नवे. आनि मी घरी जेवताना काय बढाया मारायचो? या तेलातला खांब, आये, नातवाचा नातू म्हातारा होईल तरी कुजनार नाय. आये ऐकायची, भात वाढायची, एक शब्द बोलायची नाय. बाई गप बसली की पुरुषानं घाबरायला पायजे, पन मी आपला हात धुऊन मोकळा.

जमुनाचा, माझ्या धाकट्या बहिनीचा, साखरपुडा ठरला. सातपाटीचे पाव्हने, बोंबलातली मानसं, वासावरनं वलांडी ओळखनारी. आदल्या दिवशी रजा काढून मी दांड्यावर गेलो, बघतो तर काय, वलांडी नवी. खांब काळे. वासे काळे. उन्हानं तापून लाकडाला घाम फुटलेला, आनि तो घाम दोरीवरनं ओघळून टपकतोय बोंबलावर. पांढरे बोंबील पिवळे पडलेले, मधे मधे तपकिरी ठिपके.

"आये, हे खांब कुठनं आनलेस?"

"देवूनं दिले." देवू म्हंजे आमच्या फाटकावरचा पहारेकरी. "तुटके होते, टाकूनच देनार होते. मी त्याला बोंबलाची जुडी दिली, त्यानं मला खांब दिले. तुझ्या पिंपाला हात नाय लावला मी. तू पिंपाचं सांगितलंस, लाकडाचं सांगितलंस काय?"

मी चावी कमरेला लावून पिंपापाशी बसलोय, आनि माल माझ्या समोरनं आयेच्या डोक्यावर बसून गेलाय.

"अगं पन ते इख हाय," मी म्हटलं.

"इख कसं? जे लाकूड टिकवतं ते बोंबील नाय टिकवनार? मीठ बोंबील टिकवतं, ते खातोस ना तू?" आनि बोलता बोलता हात पुढं केला तर कोपरापर्यंत लाल, फोड आलेले. म्हनते, उन्हानं झालं. उन्हानंच झालं गं आये, पन आधी तेलानं झालं! तिला ओढत विहिरीवर नेलं, साबनानं हात धुतले, ती मला शिव्या देतेय, बायका बघतायत, म्हनतात, बघा, पोरगा आईला आंघोळ घालतोय.

हात धुतले, पन बोंबलाचं काय? मी म्हटलं, सगळे पुरायचे. तर आये अशी उभी ऱ्हायली, कमरेवर हात. "उद्या पाव्हने. होड्या चार दिस किनाऱ्याला, ओली मासळी नाय. आनि येसूबाईच्या घरी पाव्हन्याला बोंबील नाय? माझ्या पोरीला कोन करून घेईल? थांब, मीच खाऊन दाखवते." आनि खरंच दोरीवरनं एक ओढला, तोंडाशी नेला. मी तिचं मनगट धरलं. आयुष्यात पयल्यांदा आईचा हात अडवला मी. म्हटलं, आये, पाव्हना रागावून परत गेला तर चालंल, वर गेला तर?

ती ऐकना. मग माझं लक्ष गेलं खाली वाळूत पडलेल्या काठीवर. म्हटलं, आये, आज काठी का पडलीय? ती म्हनाली, आज कावळे आलेच नाय, बरं झालं, जरा पाठ टेकली. मी म्हटलं, का नाय आले?

आयेनं वर बघितलं. शेजारच्या साखरबाईच्या वलांडीवर कावळ्यांची ही जत्रा, आनि आमच्या वलांडीवर एक नाय. बघत ऱ्हायली. हातातला बोंबील खाली ठेवला, हळू. म्हनाली, "कावळा जे शिवत नाय, ते मी पाव्हन्याच्या पानात वाढनार होते." आनि रडली. माझी आये रडली. मलापन आलं रडू, खोटं कशाला सांगू.

मग मात्र तिनं कुनाला हात लावू दिला नाय. माझे मोजे मागितले, कोपरापर्यंत चढवले, कासोटा घट्ट केला आनि एकेक दोरी स्वतः उतरवली. कुनीतरी म्हटलं, समुद्रात टाका, तर उसळली, "ज्या समुद्राचं खातो त्यात?" भरतीच्या रेषेच्या वर खोल खड्डा केला आनि सगळं पुरलं. माझी बायको पुष्पलता म्हनाली, खांब तरी चुलीला घालू. मी म्हटलं, बाई गं, त्याचा धूर छातीत गेला तर भाकरी भाजायला तू नसनार. खांब वखारीत परत. खंडेराव मुकादम देवूला असा बोलला की देवू अजून बोंबील बघितला की मान वळवतो.

दुसऱ्या दिवशी पाव्हने बसले पानावर. पानात काय? वालाची भाजी. सातपाटीच्या मानसाच्या पानात वालाची भाजी! मुलाच्या बापानं विचारलं, येसूबाई, बोंबील? मला वाटलं, आता आये काहीतरी सारवासारव करंल. नाय. उभी ऱ्हायली, पट्ट्या बांधलेले हात सगळ्यांसमोर धरले आनि आख्खी गोष्ट सांगितली, म्हनाली, माझी चूक, माझा हव्यास, सगळं पुरलंय, पोरीला दोष देऊ नका. म्हातारा भाजीकडं बघत बसला, मग म्हनाला, "जिनं आपल्या हातानं भरली वलांडी पुरली, तिची पोर आमच्या घरात पायजेच. वाढा आजून वाल." तुमाला सांगतो, ऊर भरून आला माझा. अशी आई हाय माझी. खंडेराव मुकादमाला सांगितलं तर त्यानं समुद्राला जोडतो तसे हात जोडले.

पन झालं काय, त्या दिवसापासून आयेनं सगळे नियम पाठ केले. लाकूड टिकवनारं तेल मानूस टिकवत नाय, हे आता मी नाय म्हनत, ती म्हनते, मला म्हनते. कामावरनं गेलो की उंबऱ्याबाहेर थांबायचं. कपडे वेगळ्या टोपलीत. साबन दोनदा. नखं दाखवायची. मग आये जवळ येऊन माझी मान हुंगनार, केस हुंगनार, आनि डामराच्या गोळीएवढा जरी वास आला तर चटई अंगनात. परवा पुष्पलता आतनं म्हनाली, अहो, या की आत. आये म्हनाली, थांब गं, अजून पास नाय झाला. लग्न झालेला मानूस मी, कमरेला चावी, आनि बायकोजवळ जायला आईकडनं हुंगून घ्यावं लागतं. तक्रार तरी कुनाकडं करू? नियम मीच शिकवलेत.